जुन्या क्रेडिट कार्डाची नोटीस आणि भाऊसिंगजी रोडच्या वकीलबाई: हजार रुपयांत काय मिळालं

वकिलाच्या सल्ल्याचा कुणी रिव्ह्यू लिहितं होय, असं शेजारच्या मोबाईलवाल्यानं विचारलं. मिसळीचा लिहितात, लॉजचा लिहितात, कटिंगच्या दुकानाला पाच चांदण्या देतात. मग रोख हजार रुपये मोजून घेतलेल्या सल्ल्याचा का लिहू नये? माल घेतला, पैसे दिले, कसा निघाला ते सांगायचं.

वकीलबाईंचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहू का म्हणून विचारलं होतं. "अजिबात नको. वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. तुमचं कौतुक माझ्या अंगाशी यायचं," म्हणाल्या. त्यामुळं फक्त जागा सांगतो. कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरा मजला, खाली टायपिंगवाले आणि स्टॅम्पपेपरवाले. ऑगस्ट २०२५ पासून त्या जुन्या कोर्टात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथं येऊन भरणारं खंडपीठ, बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची माणसं तिथं येतात. भाऊसिंगजी रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर निम्मी केस जिंकलात. दसरा चौकाकडं कुठंतरी लावा आणि चालत या.

काम काय होतं ते आधी सांगायला पाहिजे.

माझं व्हीनस कॉर्नरच्या खालच्या बाजूला झेरॉक्स, डीटीपी आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. कागद आणि टोनर उचलायला एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड वापरायचो. चार वर्षं एक तारीख चुकवली नव्हती. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा दुकानात आली. झेरॉक्स मशीन गेलं, कटिंग मशीनची मोटर गेली, आणि कागदाचे रीम पाणी पिऊन असे फुगले की रॅकच्या लोखंडी पट्ट्या वाकल्या. त्या वेळी कार्डावर ६४,००० रुपये बाकी होती. पाणी उतरल्यावर सप्टेंबरात, पंचनाम्याची प्रत जोडून, शाखेत हातानं लिहिलेला अर्ज दिला: पुरामुळं धंदा बंद आहे, बाकी मान्य आहे, थोडी मुदत द्यावी. शिक्क्याची पोच घेतली. मुदत काही मिळाली नाही. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर उशिराचा दंड, त्या सगळ्यावर जीएसटी, असं चढत राहिलं. दुकान उभं राहतंय तोवर लॉकडाऊन लागला. त्या कार्डावर पुन्हा पैसे भरायचा योग आलाच नाही. बँकेचे फोन काही काळ आले, मग बंद झाले. मी समजलो, त्यांनी नाद सोडला.

२०२५ च्या दिवाळीआधी दुकानात पाकीट आलं. बँकेचं नाही, कुठल्यातरी वसुली एजन्सीचं. "अंतिम कायदेशीर नोटीस", लाल अक्षरात. रक्कम २,८७,४०० रुपये. सात दिवसांत भरा, नाहीतर कलम ४२०, अटक, मालमत्ता जप्ती.

आता आमचा धंदाच कागदाचा, त्यामुळं मजकुराआधी कागद बघितला. साधा सत्तर जीएसएम, म्हणजे पातळ. लाल शाई कडेला पसरलेली, म्हणजे स्वस्तातल्या इंकजेटवर काढलेला. वरचा लोगो आडवा ताणलेला. सहीभोवती फिकट राखाडी चौकोन, म्हणजे सही स्कॅन करून चिकटवलेली. जावक क्रमांक नाही. "न्यायालय" च्या जागी "न्यालय". आणि मुख्य म्हणजे माझं नाव आणि रक्कम एका फॉन्टमध्ये, बाकी मजकूर दुसऱ्या. मेल-मर्ज. एका बैठकीला शे-पाचशे नोटिसा निघाल्या असणार, पत्रिकांवर पाहुण्यांची नावं टाकताना आम्ही हेच करतो. एवढं सगळं कळूनसुद्धा रात्री झोप लागली नाही, हेही खरं. अटक हा शब्द कुठल्याही फॉन्टमध्ये छापला तरी वाचणाऱ्याला जड जातो.

मग फोन सुरू झाले. पहिल्या दिवशी "सर, गुड मॉर्निंग", पुढं सकाळी सव्वासातला "ए, पैसे कधी देणार?" नंतर इचलकरंजीच्या दाजींना फोन गेला की मेहुण्याला सांगा, उद्या घरी पोलीस येतील. त्यांचा नंबर कुठून मिळवला देव जाणे. धमकी चालेना म्हटल्यावर गोडीगुलाबी: "सर, तुमच्यासाठी स्पेशल केस करतो, पंच्याऐंशी हजारांत मिटवू. आज फक्त दोन हजार टोकन टाका आणि व्हॉट्सॲपला फॉर्म पाठवलाय, त्यावर सही करून फोटो पाठवा."

सल्ले फुकट भरपूर मिळाले. एकजण म्हणाला, "तीन वर्षं झाली की कर्ज माफ असतंय भावा, व्हिडिओ बघितलाय मी." दुसरा म्हणाला, पंच्याऐंशीला सुटतोयस तर सूट, कोर्टाची पायरी नको. एका कर्जमुक्तीच्या ॲपवाल्यांशीही बोलून बघितलं. त्यांना आधी नोंदणी फी, मग दरमहा फी, आणि शेवटी जेवढे "वाचवले" त्यातला हिस्सा पाहिजे होता. त्यांना नमस्कार केला. मग एका छापखानेवाल्या मित्रानं या वकीलबाईंकडं धाडलं.

तर आता सेवा कशी होती.

सात वाजताची वेळ दिली होती, आत बोलावलं आठला. बाहेर एकच बाकडं, त्यावर आजऱ्याहून आलेलं एक अख्खं कुटुंब. चहा विचारला नाही. कोल्हापुरात हे टोचतं, म्हणून लिहिलं. पण आत गेल्यावर जे झालं त्यासाठी बाकडं माफ. मी नोटीस पुढं केली तर त्यांनी ती उलटी करून बाजूला ठेवली. "हे राहू दे. शेवटचे पैसे कधी भरलेत? त्यानंतर बँकेला काही लिहून दिलंय का? कुठं सही? एखादा चेक दिलाय? त्या बँकेत तुमचं आणखी काय आहे?" नोटिशीकडं सगळ्यात शेवटी बघितलं, तेही एक नजर.

मी माझ्या हिशोबानं जुलै २०१९ चं स्टेटमेंट काढून ठेवलं होतं, शेवटचा भरणा त्यात होता. त्यांनी ते घेतलं, आणि मग पुराचा अर्ज मागितला. अर्जाची पोच मी बँकेच्या माणुसकीचा पुरावा म्हणून नेली होती, म्हणजे माणुसकी दाखवली नाही त्याचा. त्यांनी "बाकी मान्य आहे" या तीन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "मोजायला इथून सुरुवात करायची," म्हणाल्या.

त्यांनी पॅडवर जो हिशोब मांडला, तो मला हजारातले नऊशे रुपये वाटला. जमेल तसा सांगतो.

पैशाच्या वसुलीचा दावा लावायला मुदतीचा कायदा १९६३ चा. अशा येणे रकमेला तीन वर्षं. पण ही तीन वर्षं एकदा सुरू झाली की सरळ धावत नाहीत. मुदत शिल्लक असताना कर्जदारानं लेखी, सहीनिशी कबुली दिली तर कलम १८ प्रमाणं त्या कबुलीच्या तारखेपासून तीन वर्षं परत पहिल्यापासून. मुदतीत थोडे पैसे भरले आणि त्याला त्याच्या हस्ताक्षराचा किंवा सहीचा पुरावा असला, तरी कलम १९ प्रमाणं तेच. माझा पुराचा अर्ज हीच कबुली. म्हणजे जुलै २०१९ सोडा, ११ सप्टेंबर २०१९ धरा. साधं गणित केलं तर ११ सप्टेंबर २०२२ ला मुदत संपली.

"आणि इथंच सगळे व्हिडिओवाले चुकतात," बाई म्हणाल्या. कोरोनात कोर्टात जाणंच अवघड झालं म्हणून सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. जानेवारी २०२२ चा आदेश आहे. म्हणजे ११ सप्टेंबर २०१९ पासून मार्चच्या मध्यापर्यंत सहा महिने खर्ची पडले, मग घड्याळ थांबलं, आणि १ मार्च २०२२ ला उरलेले अडीच वर्षं पुन्हा सुरू. त्यांनी बोटांवर मोजलं, कॅलेंडर बघितलं आणि पॅडवर "ऑगस्ट २०२४ अखेर" असं लिहून भोवती गोल केला. "दुसरा वकील सुरुवातीची तारीख थोडी मागं-पुढं धरेल. मी मुद्दाम बँकेच्या फायद्याची, सगळ्यात उशिराची धरलीय. तरी ती उलटलीय. मध्ये दावा लावल्याचं समन्स आलंय?" नाही. "मग आता लावला तर मुदतीबाहेर."

माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट त्यांनी वेगळी सांगितली, ती इथं नोंदवतो: ज्यांचं कार्ड मार्च २०२२ नंतर थकलंय त्यांना कोरोनाची भानगड नाही, सरळ तीन वर्षं. आणि ज्यांच्यावर आधीच दावा होऊन हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, झालाय त्यांनी तीन वर्षांचं नावच काढू नये. हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते.

मी खूश होऊन म्हणालो, म्हणजे कर्ज माफ झालं की. त्यावर त्या जरा तडकल्याच. "माफ कुणी केलं? कर्ज आहे तसं आहे. विहिरीत पाणी आहे, बँकेच्या हातातला दोर तेवढा तुटलाय. आणि तो गाठ मारून परत त्यांच्या हातात द्यायचं काम जगात एकच माणूस करू शकतो, तो म्हणजे तुम्ही." मग माझ्या मोबाईलवरचा तो सेटलमेंटचा फॉर्म उघडला. दोन पानं बारीक टायपात सवलतीचं कौतुक आणि खाली एक ओळ: "मी वरील रक्कम देणे असल्याचे मान्य करतो व ती हप्त्यांनी फेडण्याचे वचन देतो." त्यांनी त्या ओळीवर नख ठेवलं. मुदत संपल्यावर नुसती कबुली कामाची नसते, कारण कलम १८ ची कबुली मुदतीच्या आतच लागते. पण करार कायद्याच्या कलम २५ मध्ये तरतूद आहे: मुदतबाह्य कर्जसुद्धा फेडतो असं लेखी वचन सही करून दिलं, तर तो नवा करार. त्या वचनावर नव्यानं दावा, नव्यानं तीन वर्षं. फॉर्ममध्ये "मान्य करतो" पुढं "वचन देतो" आलंय ते उगाच नाही. फॉर्म लिहिणाऱ्याला कायदा चांगला ठाऊक होता, नोटीस लिहिणाऱ्याला "न्यायालय" लिहिता येत नसलं तरी.

दोन हजारांच्या टोकनचं काय, असं विचारलं. मुदत उलटल्यावर नुसते दोन हजार भरल्यानं दावा जिवंत होत नाही, म्हणाल्या, पण सोबत तो फॉर्म असतो, म्हणूनच ते दोन्ही एकत्र मागतात. आणि मुदतबाह्य कर्जापोटी आपण होऊन दिलेले पैसे नंतर परत मागता येत नाहीत. फोनवर बोललेलं कबुलीत धरत नाहीत, पण ईमेलला लेखी कबुली मानल्याचे निकाल आहेत, तेव्हा व्हॉट्सॲपवर "भरतो की पुढच्या महिन्यात" असलं काही लिहायचं नाही. मला सवय आहे तशी लिहायची, गिऱ्हाईकांना दिवसभर तेच लिहितो.

अटकेचं त्यांनी दोन वाक्यांत उडवलं. कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला. ४२० लावायचं तर कार्ड घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, आणि चार वर्षं वेळेवर भरणाऱ्याबद्दल ते कोण दाखवणार? तुमचा चेक वटला नसता तर कलम १३८ ची गोष्ट वेगळी होती, तो तुम्ही दिलेला नाही. जप्ती कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही. झालं.

लोकअदालतीबद्दल मात्र थांबून सांगितलं, कारण नोटिशीत खाली "लोकअदालतीत हजर राहावे" असंही होतं. लोकअदालत म्हणजे शिक्षा नव्हे, तडजोडीची जागा आहे. दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही तिथं ठेवतात. तडजोड करायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. पण एकदा तिथं सही झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. म्हणजे तीन वर्षांचं मेलेलं प्रकरण बारा वर्षांचं होऊन घरी यायचं. "जायला हरकत नाही, चहा पिऊन या. आकडा पटला आणि द्यायची ऐपत असली तरच पेन उचला."

मग मला न आवडलेला भाग. नोंदीचं काय? माझा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मी काढून नेला होता. अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे भरून काढू नका. त्यात त्या कार्डापुढं राइट-ऑफ असा शेरा आहे. मला वाटलं होतं, राइट-ऑफ म्हणजे बँकेनं सोडून दिलं. तसं नाही. बँकेनं आपल्या वह्यांतून तोटा म्हणून काढलं, तुमच्याकडचं येणं सोडलेलं नाही. आणि कोर्टाची मुदत संपली म्हणून हा शेरा पुसला जात नाही, ही माहिती किमान सात वर्षं ठेवायचा नियम आहे. मशीनसाठी कर्ज मागायला जाईन तेव्हा तो शेरा माझ्याआधी टेबलावर पोचलेला असणार. शेरा चुकीचा असता तर तक्रार करून तीस दिवसांत दुरुस्त करून घेता आला असता, आणि न केल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईही मागता आली असती. पण माझा शेरा चुकीचा नाही, त्यामुळं त्या शंभराचा मला उपयोग नाही.

त्या बँकेत माझं बचत खातं अजून आहे, अकराशे रुपये पडलेत. "राहू देत तेवढेच. मोठी रक्कम तिथं ठेवू नका. दावा लावता येत नसला तरी स्वतःच्या हातात आलेल्या पैशावर बँक हक्क सांगायला बघते," म्हणाल्या.

शेवटी मी सरळ विचारलं, मॅडम, मूळ चौसष्ट हजार तर मी वापरलेत, त्याचं काय करू? कागदवाल्याला त्याचे पैसे केव्हाच मिळाले, बँकेचेच राहिलेत. हे मनाला लागतंच. इथं दुसऱ्या कुणी वकिलानं मला एकतर शहाणपण शिकवलं असतं किंवा हसून उडवलं असतं. त्या म्हणाल्या, "कायदा देऊ नका असं म्हणत नाही. द्यायचे तर बँकेला द्या, एजन्सीला नको. आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि 'यानंतर येणे नाही' असं लेखी घ्या, मग एकरकमी भरा, मग नो ड्यूजचा दाखला. हप्ता नाही, टोकन नाही, वचन नाही. आणि सेटलमेंट केलीत तर रिपोर्टला 'सेटल्ड' असं लागेल, 'क्लोज्ड' नाही. कर्ज देणारे या दोन्हींत फरक करतात." घरी बायकोचंही तेच मत, मूळ देऊन टाका. बघू. मशीनचा हप्ता फिटल्यावर तो विषय घेणार आहे.

नोटिशीला उत्तर द्यायचं ठरलं, त्याचे वेगळे दीड हजार. हे आधी सांगितलं नव्हतं, ही माझी तक्रार. उत्तर मात्र एक पानी आणि ठसठशीत. पहिल्याच वाक्यात "कोणतीही रक्कम देणे असल्याचे मान्य न करता". मग मागणी मुदतबाह्य असल्याचं, मग बँकेनं तुम्हाला नेमल्याचं अधिकारपत्र आणि खात्याचा उतारा पाठवा, आणि मग फोनचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणं वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, नातेवाईकांना त्रास देता येत नाही, धमकी तर नाहीच. मी सव्वासातच्या फोनचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते ते जोडले. एक प्रत एजन्सीला, एक बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर किंवा १४४४८ या फोनवर विचारून. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक असं हातानं सोडणारा दुकानदार मी तरी कमी बघितलाय.

ज्युनिअर पोरानं टाईप केलेला मसुदा बघून मात्र माझा जीव खालीवर झाला. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना सगळे रफार उडाले होते, "कर्ज" चं "कज" झालेलं. न्यालयवाल्यांना उत्तर देताना आपण कज लिहायचं? तो दुकानात आणून रात्री पुन्हा बसवला, जावक क्रमांक टाकला, शंभर जीएसएमवर काढला. बाईंनी सही करताना कागद बोटांत घासून बघितला आणि "हं" म्हणाल्या.

एजन्सीचं उत्तर आलं नाही. दाजींना येणारे फोन बंद झाले. मला अधूनमधून "शेवटची संधी" असा मेसेज येतो, रक्कम दर वेळी कमी झालेली असते. अधिकारपत्र अजून कुणी पाठवलेलं नाही. एक बजावून ठेवलंय त्यांनी: खरंच कोर्टाचं समन्स आलं तर मुदत संपलीय म्हणून घरी बसायचं नाही. मुदतबाह्य दावा फेटाळणं हे कोर्टाचं कामच आहे, तुम्ही मुद्दा काढला नाहीत तरी, असं कलम ३ सांगतं. पण दाव्यात तारखा त्यांनी लिहिलेल्या असतात. तुम्ही गेलाच नाहीत तर जजसाहेबांपुढं त्यांचाच कागद.

पाचापैकी चार देतो. एक कापला तो वेळेचा, न सांगितलेल्या फीचा आणि पावती मागून घ्यावी लागली त्याचा. फोन उचलत नाहीत, मेसेज टाकावा. बोलणं भरभर आहे, वयस्कर माणसानं सोबत कुणाला तरी न्यावं. ज्यांना हजारसुद्धा जड आहेत त्यांच्यासाठी कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेही मला वकीलबाईंनीच सांगितलं.

जाताना शेवटचा भरणा दाखवणारं स्टेटमेंट, बँकेला दिलेलं प्रत्येक पत्र, पाकिटासकट नोटीस आणि फोनचे स्क्रीनशॉट न्या. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख त्यांना लागते. झेरॉक्स आधीच काढून ठेवा. त्यांच्या जिन्याखाली पानाला पाच रुपये घेतात, आमच्याकडं दोन.